मिलॉसचा पांढरा कातळ

श्रोते हो, समुद्रकिनारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? माडांची रांग, पायाखाली मऊ वाळू आणि वर ओढून ठेवलेल्या होड्या. आज मी आपल्याला ज्या किनाऱ्यावर नेणार आहे, तिथे माड नाही. माडच काय, सावलीला एक झाडसुद्धा नाही. वाळू आहे, पण एखाद्या खळ्याएवढी. बाकी सारा कातळच कातळ, आणि तोही काळा नव्हे, पांढराशुभ्र! ग्रीस देशातल्या मिलॉस बेटावरची ही जागा. तिचे नाव सारकिनिको.

शिक्षक मित्रांच्या शाळेत भिंतीवर युरोपचा नकाशा असेल, तर त्यात ग्रीसच्या पूर्वेचा एजियन समुद्र शोधा. त्या समुद्रात मूठभर दाणे फेकावेत तशी बेटे विखुरलेली आहेत. त्यांतल्या सायक्लेडीज नावाच्या पुंजक्याच्या नैर्ऋत्य टोकाला मिलॉस आहे. क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस किलोमीटर, आणि वस्ती पाच हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. अथेन्सजवळच्या पिरिअस बंदरातून साधी आगबोट पाच ते सात तासांत पोचवते; वेगाची बोट तीनएक तासांत. आदामास बंदरात उतरावे आणि तिथून चार-पाच किलोमीटरवर, बेटाच्या उत्तर अंगाला, सारकिनिको गाठावे.

मी सकाळी लवकर गेलो, आणि आपण कधी गेलात तर आपणही लवकरच जा. कारण ऊन वर आले की ते आकाशातून तर भाजतेच, पण पांढऱ्या खडकावरून उलटून खालूनही भाजते. डोक्याला टोपी हवी आणि पाण्याची बाटली बरोबर हवी. वाट उताराची आहे. उतरता उतरता एकाएकी माती संपते आणि आपण एका निराळ्याच भूमीवर उभे राहतो. लोण्याचा गोळा हाताने थापून गुळगुळीत करावा, तसे खडकाचे उंचवटे आणि खळगे. कुठे कमान, कुठे कपार, कुठे जुन्या खाणकामाचे अंधारे बोगदे. या खडकाला चिरत समुद्राची एक चिंचोळी घळ आत आलेली आहे, आणि तिच्या टोकाला ती खळ्याएवढी वाळू. पाणी इतके नितळ, की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. पण वारा उत्तरेचा सुटला, की हीच घळ लाटांनी खवळते. पोरेसोरे कड्यावरून पाण्यात उड्या टाकतात. आपण त्यांच्या नादी लागू नये. पाणी निर्मळ असले म्हणजे खोल असतेच असे नाही.

आता आपण म्हणाल, हा खडक पांढरा कसा झाला? मिलॉस हे बेट ज्वालामुखीने घडवलेले आहे. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच. मग तो काळा आणि हा पांढरा का? याचे उत्तर आपल्या चुलीवर आहे. पातळ कढी उकळते तेव्हा बुडबुडे सहज वर येतात आणि फुटतात. पण पिठले घट्ट झाले, की वाफ आत कोंडते आणि मग ते असे उडते की हाताला चटका बसतो! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडचा लाव्हा कढीसारखा पातळ होता. तो भूमीच्या भेगांतून निघाला, दूरवर पसरला आणि थरावर थर साचून त्याचा काळा कातळ झाला. मिलॉसच्या लाव्ह्यात सिलिका, म्हणजे वाळूत असते ते द्रव्य, जास्त होते. त्यामुळे तो घट्ट, आणि त्यात वायू कोंडलेला. लाखो वर्षांपूर्वी तो स्फोटाने उडाला, त्याची फिकी राख आणि हलके सच्छिद्र दगड झाले. टाचा घासायला आपण असाच दगड वापरतो, जो पाण्यावर तरंगतो. ही राख समुद्राच्या तळाशी बसली, घट्ट झाली आणि पुढे तो तळच वर उचलला गेला. सारकिनिकोवर चालताना आपण, बरं का, समुद्राच्या जुन्या तळावरून चालत असतो. मऊ खडक असल्यामुळे वाऱ्याने आणि लाटांनी त्याला हवा तसा आकार दिला.

हे सगळे पाहून मन प्रसन्न होते. पण मी इतिहास शिकवणारा माणूस. मला तिथे बसल्या बसल्या दुसरेच काही आठवत होते. या बेटावर आजवर कोण कोण आले आणि काय काय घेऊन गेले?

पहिल्यांदा माणूस आला तो दगडासाठी. मिलॉसवर ऑब्सिडियन नावाचा काळा, काचेसारखा दगड सापडतो. तो फोडला की वस्तऱ्यासारख्या धारेची कपची निघते. ग्रीसच्या मुख्य भूमीवर फ्रांख्थी नावाची एक गुहा आहे. तिच्यात मिलॉसचाच दगड सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या थरांत मिळाला आहे. तेव्हा शेतीचा शोध लागलेला नव्हता. पण माणूस होडी वल्हवत समुद्र ओलांडून या बेटावर येत होता.

मग आले बलिष्ठ. इ. स. पूर्व ४१६ मध्ये अथेन्सचे आरमार मिलॉससमोर उभे राहिले. अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध चालू होते. मिलॉसच्या लोकांचे म्हणणे एवढेच होते, की आम्हांला कोणाच्याच बाजूने लढायचे नाही. थ्युसिडिडीस या इतिहासकाराने दोन्ही पक्षांची बोलणी लिहून ठेवली आहेत. अथेन्सचा युक्तिवाद थोडक्यात असा, की न्यायाची भाषा बरोबरीच्यांत चालते. दुबळ्याने निमूट मान तुकवावी. मिलॉसने मान तुकवली नाही. वेढा पडला, आणि शेवटी बेट पडले. जाणते पुरुष मारले गेले, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली, आणि ५०० अथेनियन तिथे वसवले गेले. हा प्रसंग मी वर्गात वीसएक वर्षे शिकवतो आहे. पण सारकिनिकोच्या कड्यावर बसून मोकळ्या समुद्राकडे पाहिले, तेव्हा प्रथमच वाटले, की ती गलबते क्षितिजावर दिसली तेव्हा इथल्या माणसाला लपायला जागा तरी कुठे होती?

पुढच्या काळात चाचे आले. सारकिनिको हे नावच सारासेन चाच्यांवरून पडले असे सांगतात. १८२० साली एका शेतकऱ्याला बांधकामासाठी दगड शोधताना संगमरवराची एक सुंदर मूर्ती सापडली. ती मिलॉसची व्हीनस. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. बेटावर तिची प्रतिकृती तेवढी. गंधकाची खाण चालली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास बंद पडली. बेंटोनाइट नावाची माती मात्र आजही निघते. ओतकामाच्या साच्यांत आणि तेलविहिरी खणताना तिचा उपयोग होतो. या खाणींनी बेटाला अन्न दिले, हेही खरे; त्यांना नुसता दोष देऊन चालणार नाही.

आणि आता आलो आपण, प्रवासी. आम्ही काय नेतो, फक्त डोळे भरून पाहतो, असे आपल्याला वाटते. पण प्रवासी वाढले की त्यांना खोल्या हव्यात, पोहण्याचे हौद हवेत, मोटारी उभ्या करायला जागा हवी. २०२५ च्या आरंभी सारकिनिकोच्या या खडकालगत एका हॉटेलाचे खोदकाम सुरू झालेले दिसले. त्याची छायाचित्रे पसरली, बेटावर आणि बाहेर लोकांनी आवाज उठवला, आणि ग्रीक शासनाने काम थांबवले. २,४०० वर्षांपूर्वी दुबळ्यांचे कोणी ऐकले नव्हते. या खेपेला ऐकले. हा फरक लहान नाही. पण तो टिकेल की नाही हे त्या एका हुकमावर नव्हे, तर तिथे जाणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हावेवर ठरणार आहे.

आता एक कबुली देतो. निघताना मी एक पांढरा, हलका दगड उचलून खिशात घातला होता. म्हटले, मुलांना दाखवू. पाण्यावर तरंगतो कसा ते पाहतील. चढण चढताना मनात पुन्हा ती यादी आली. कोण कोण आले आणि काय काय घेऊन गेले? त्या यादीत शेवटचे नाव माझेच होते! मी परत खाली उतरलो आणि दगड होता तिथे ठेवला. एका दगडाने बेट ओस पडत नाही, हे मला कळते. पण अथेन्सच्या माणसांनाही आपापला युक्तिवाद होताच.

म्हणून, श्रोते हो, आपल्याला दाखवायला माझ्याजवळ मिलॉसचा दगड नाही. त्याची खंतही नाही. आकाशवाणीवर दगड दाखवता येत नाही. त्याची गोष्ट तेवढी सांगता येते, आणि ती मी सांगितली.