कामाचा हक्क आणि कामाची अट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



कामाचा हक्क आणि कामाची अट हे शब्दप्रयोग ऐकायला जवळचे वाटतात. अर्थाने मात्र ते परस्परविरोधी आहेत. हक्कामध्ये जबाबदारी शासनावर येते, अटीमध्ये ती गरिबावर ढकलली जाते. अमेरिकेतील घडामोडींवरून हे स्पष्ट होईल.

तेथे १९९६ च्या कायद्याने असे ठरले की, १८ ते ४९ वयाच्या, धडधाकट व पदरी मूल नसलेल्या माणसाने आठवड्याला सरासरी २० तास काम केल्याचे दाखविले नाही, तर त्याला तीन वर्षांत केवळ तीन महिने अन्नसाहाय्य मिळावे. २०२३ च्या कायद्याने ही वयोमर्यादा ५४ पर्यंत वाढविली. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने ती ६४ वर नेली. १४ वर्षांवरील मुलांच्या आईबापांची सवलत गेली. बेघरांना व माजी सैनिकांना २०२३ मध्ये दिलेली सूटही काढून घेतली गेली. शिवाय 'मेडिकेड' या आरोग्ययोजनेतील अनेक प्रौढांवर महिन्याला ८० तासांची अट घालण्यात आली. ती लागू करण्यासाठी १ जानेवारी २०२७ ही मुदत ठरली.

फुकट मिळाले की माणूस आळशी होतो, असा यामागचा युक्तिवाद आहे. तो अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहू. आर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये आरोग्ययोजनेला अशीच अट लावली. कामाच्या तासांची नोंद सुरुवातीला केवळ इंटरनेटवरूनच करावयाची होती. काही महिन्यांत १८,००० हून अधिक लोकांचे विमाछत्र गेले. संशोधकांना रोजगार वाढल्याचे आढळले नाही. उलट, अट ज्यांच्यासाठी होती त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक एकतर ती पूर्ण करीत होते, नाहीतर सूट मिळण्यास पात्र होते. म्हणजे माणसे कामात नव्हे, कागदात नापास झाली. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही योजना रोखली.

अर्थशास्त्राचा साधा धडा असा की, रोजगार किती असावा हे रोजगार शोधणारा ठरवीत नाही. मंदी आली की काम जाते; आणि काम गेले म्हणून अन्नही काढून घेणे, ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याची?

महाराष्ट्राने वेगळी वाट चोखाळली होती. १९७२ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप आले. मजुराला अंगमेहनत तेथेही करावी लागेच. परंतु मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम देण्याचे बंधन शासनावर होते, न दिल्यास बेकारभत्ता. अंमलबजावणीत उणिवा होत्या. तत्त्व मात्र सरळ होते.

या तत्त्वालाही कागदाची वाळवी लागू शकते, हे विसरू नका. १ जानेवारी २०२३ पासून केंद्रीय रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलवरील हजेरी सक्तीची झाली. घाम गाळूनही नोंद झाली नाही, तर मजुरी अडते. आर्कान्सा आपल्यापासून वाटते तितके दूर नाही.

म्हणून गरिबाला कामाची अट घालावी, असे कोणी म्हणू लागला की त्याला आधी विचारा : काम देण्याची जबाबदारी कोणाची?