खाडीवरचा दुपारचा वारा



ठाणे शहराचा मोठा भाग एका बेटावर आहे.
साष्टी बेटावर.
पूर्वेला ठाण्याची खाडी.
उत्तरेला वसईची खाडी.

बेट म्हटलं, की वारा आलाच.

पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो.
तो मतलई वारा.
मग ऊन चढतं.
जमीन लवकर तापते, पाणी सावकाश.
जमिनीवरची हवा वर जाते,
आणि समुद्रावरची हवा आत येते.
हा खारा वारा.

संक्रांतीला डोंबिवलीच्या गच्चीवर उभे राहा.
दुपारनंतर मांजा बोटाला ओढ देऊ लागतो.
पतंग मलंगगडाच्या बाजूला झुकतो.
तो खारा वारा असतो बरं का!

याच वाऱ्यावर गोव्यात, मोरजीच्या किनाऱ्यावर,
काइटसर्फिंग चालतं.
पायाखाली फळी, हाती भला मोठा पतंग.
पतंग माणसाला पाण्यावरून ओढत नेतो.
त्याला एकसारखा वारा लागतो.
पावसाळ्यातला वादळी वारा तिथे धोक्याचा.

आपल्या ठाण्याच्या खाडीत मात्र हा खेळ नको.
इथे चिखल आहे, तिवरं आहेत.
आणि 2015 पासून इथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे.
या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा सांगते.
पहाटे मतलई वारा.
दुपारी खारा वारा.

उन्हाळ्यात खारा वारा उशिरा आला, की पारा चढतो.
कल्याण समुद्रापासून आणखी आत.
तिथे तो ठाण्यापेक्षा उशिरा पोचतो, आणि दमून पोचतो.

उद्या दुपारी गच्चीवरच्या दोरीकडे बघा.
वाळत घातलेली साडी कोणत्या बाजूला फुगते, ते बघा.