पांढरें कोड

घरांतील मुलीच्या ओठाच्या कडेला किंवा बोटाच्या पेरावर तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला, कीं पुष्कळ कुटुंबांत त्याविषयीं बोलणेंच बंद होतें. शेजाऱ्यांस कळूं नये, पाहुण्यांस दिसूं नये, लग्न जमेपर्यंत कसेंबसें झांकून न्यावें, हा विचार आधीं येतो. डॉक्टरांकडे जाण्याचा मागाहून. उपचारास जे महिने सर्वांत अनुकूल, नेमके तेच अशा रीतीनें लपवालपवींत जातात.

या भीतीचें मूळ थोडेंबहुत शब्दांतहि आहे. ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’पासून आलेला; त्यामुळें या विकाराचें कुष्ठरोगाशीं नातें लोकांच्या मनांत नकळत जुळलें. वस्तुतः तें मुळींच नाहीं. कुष्ठरोग जंतूंपासून होतो. त्याचा चट्टा फिकट असला तरी दुधासारखा शुभ्र नसतो, आणि तेथील स्पर्शज्ञान बहुधा मंदावतें. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो व तेथें स्पर्श पूर्ववत् कळतो. एका ताटांत जेवल्यानें, एकाच अंथरुणावर निजल्यानें तो दुसऱ्यास होत नाहीं. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००६ सालच्या ‘नितळ’ या चित्रपटाची नायिका नेत्रवैद्य आहे, आणि तिला कोड आहे. शिकल्यासवरल्या घरांतहि विद्येआधीं डागच कां पाहिला जातो, हा प्रश्न तेथें आहे.

त्वचेस रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच उलटते व त्यांचा नाश करते, हें या विकाराचें कारण होय. दर २०० माणसांत एकदोघांस तो असतो. त्याची प्रवृत्ति कुळांत असूं शकते. तरी कोड असलेल्या आईबापांच्या बहुतेक मुलांस तें होत नाहीं. कांहीं रोग्यांस थायरॉइड ग्रंथीचा विकारहि असतो, म्हणून रक्ततपासणी करून घेणें बरें. नाडीचा करकोचा, चपलेचा पट्टा, वारंवार खरचटणें अशा जागीं नवे डाग उठतात. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा डाग पडला, तर टिकलीमागील चिकट द्रव्याचा संशय घ्यावा व ती टिकली त्याच दिवशीं सोडावी. दूध व मासे एकत्र खाल्ल्यानें कोड होतें या समजुतीस मात्र पुरावा नाहीं. पथ्याच्या नांवाखालीं वाढत्या मुलांचें दहीं-आंबट तोडणें ही निव्वळ छळणूक होय.

उपायांचा शोध फार जुना आहे. अथर्ववेदांत या डागांवरचीं सूक्तें आहेत, आणि बावचीचें बीं वापरून उन्हांत बसण्याचा उपचार आपल्याकडे पूर्वापार चालत आला. नाईलच्या खोऱ्यांतील एका वनस्पतींतहि तेंच गुणद्रव्य आहे, ईजिप्तमधील डॉ. एल् मोफ्ती यांनीं १९४८ सालीं त्याचा शास्त्रीय उपयोग प्रसिद्ध केला. परंतु ही दुधारी वस्तु आहे. घरच्या घरीं बावची लावून उन्हांत बसल्यानें फोड येऊन भाजल्याचीं उदाहरणें अनेक आहेत. आतां बहुधा ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण आठवड्यांतून दोनतीनदां देतात. गुण येण्यास महिने लागतात, कधीं वर्षहि. सहा आठवड्यांत निराश होऊन उपचार सोडणारे फार. जोडीला स्टेरॉइडचें किंवा टॅक्रोलिमसचें मलम असतें; स्टेरॉइड मात्र दुकानदाराच्या सल्ल्यानें महिनोन्‌महिने चोळूं नये, कातडी पातळ होते. अमेरिकेंत जुलै २०२२ मध्यें रुक्सोलिटिनिब मलमास मान्यता मिळाली. त्याच्या चाचण्यांत २४ आठवड्यांनीं सुमारें ३० टक्के रोग्यांच्या चेहऱ्यावरील डाग तीनचतुर्थांश किंवा अधिक भरले. ही आशा आहे, चमत्कार नव्हे.

रंग परततो तो केसांच्या मुळांतून, बारीक ठिपक्यांच्या रूपानें. म्हणूनच चेहरा व मान लवकर भरतात. बोटांचीं टोंकें, जेथें केसच नाहींत, फार हट्टी असतात. आणि डागावरील केसहि पांढरे झाले असतील, तर औषधाचा जोर चालत नाहीं. अशा जागीं, रोग वर्षभर स्थिर असेल तर, निरोगी त्वचेंतील रंगपेशींचें रोपण करतां येतें. पसरत्या रोगांत तेंच रोपण वायां जातें. ‘पंधरा दिवसांत हमखास बरें’ म्हणणारे हा भेद कधींच सांगत नाहींत. डाग अजून वाढत आहे कीं थांबला आहे, हें पहिल्याच भेटींत विचारणारा डॉक्टर गांठावा. आणि डागाचें छायाचित्र तारखेसह काढून ठेवावें, म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर हातीं राहतें.