उठावशिल्प आणि गावचा वीरगळ



महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत वेशीजवळ, मारुतीच्या पाराशी अथवा जुन्या शिवालयाच्या आवारात एखादा कोरीव दगड उभा असतो. कोणी त्यास शेंदूर फासतो, कोणी त्यावर कपडे आपटतो. तो बहुधा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचे स्मारक असतो. त्या वीराचे नाव पाठ्यपुस्तकात नाही. गावापाशी त्याची खूण एवढीच उरलेली असते.

वीरगळ समजण्यासाठी कोरण्याची रीत समजली पाहिजे. सर्व बाजूंनी घडवलेली मूर्ती निराळी आणि पार्श्वभूमीस चिकटून वर आलेले उठावशिल्प निराळे. उठाव थोडाच असेल तर त्यास अल्पोत्थित शिल्प म्हणतात. रुपयाचे नाणे हे त्याचे नित्य परिचयाचे उदाहरण. मावळातील भाजे लेण्यांत, सूर्य व इंद्र या नावांनी ओळखली जाणारी उठावशिल्पे दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहेत.

कारागीर प्रथम शिळेचा दर्शनी भाग सपाट करतो, त्यावर आकृती रेखतो आणि आकृतीबाहेरचा दगड छिन्नीने उतरवतो. म्हणजे आकृती वर चढत नाही, भोवतालची भूमी खाली जाते. नंतर बोटभर जाडीतच पुढचा अवयव किंचित उंच व मागचा किंचित खाली ठेवून तो खोलीचा भास निर्माण करतो. उडालेली कपची पुन्हा बसत नाही. म्हणून प्रत्येक घाव विचारपूर्वक घालावा लागतो.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटीत युद्ध अथवा पडलेला वीर. जवळ गाई असल्यास गोधनाच्या रक्षणार्थ झालेली लढाई. त्यावर वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य; ते असेपर्यंत कीर्ती राहो, हा त्यांचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे.

शाळेत हा पाठ सहज घेता येतो. मुलांनी ओल्या मातीची बोटभर जाडीची पाटी थापावी, त्यावर बैलाची आकृती रेखावी आणि बांबूच्या कामटीने भोवतालची माती उतरवावी. ती पाटी उन्हात तिरपी धरताच सावल्या पडतात व बैल उठून दिसतो. मग सकाळी किंवा सायंकाळी, ऊन तिरपे असताना, वर्ग वीरगळापाशी न्यावा. माथ्यावरच्या उन्हात न दिसणारी रेषाही त्या वेळी दिसते. मुलांनी त्याचे चित्र काढावे, मापे घ्यावीत, वृद्धांकडून माहिती टिपून घ्यावी. दगड मात्र खरवडू नये, रंगवू नये, जागचा हलवू नये.

ऊनपावसाने दगड शतकानुशतके हळूहळू झिजतो. परंतु भक्तिभावानेच दिलेला तैलरंगाचा जाड थर हा उथळ उठाव एका दिवसात बुजवून टाकतो. ज्या मुलाने मातीत एकदा बैल कोरला, ते मूल मोठेपणी त्या दगडाची पायरी करू देणार नाही. हे काम शिक्षकाच्या हातचे आहे.