हाताला रजा



रजा हा शब्द आपल्याकडे कचेरीतल्या, कारखान्यातल्या आणि शाळेतल्या माणसांचा. अर्ज लिहायचा, वरिष्ठांची सही घ्यायची आणि घरी बसायचे. पण रेवदंड्याच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी कोळीण, पेणकडे गुडघाभर चिखलात भात लावणारी बाई किंवा उरणच्या मिठागरात राबणारी मजूर बाई, हिने रजेचा अर्ज कोणाकडे द्यावा? हातावर पोट असलेल्या माणसाला रजा म्हणजे उपासच की!

आणि दुखणे जर त्या हाताशीच येऊन ठेपले तर? आज बोलायचे आहे ते त्याविषयी. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर बाईने किती दिवस विसावा घ्यावा, त्या दिवसांत काय करावे, काय टाळावे आणि तिची कामे कोणी उचलावीत, हा आजचा विषय.

विषय चारचौघांत बोलायचा नाही असे पुष्कळांना वाटते. पण आज भारतातील स्त्रियांत जितके कर्करोग आढळतात, त्यांत हा पहिल्या क्रमांकाचा आहे. तो शिवाशिवीने पसरत नाही, कोणाच्या पापाचे फळ नाही आणि वेळीच उपचार झाले तर पुष्कळ बाया बऱ्या होऊन पुन्हा कामाला लागतात. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावरची माणसे रेवसहून नाही तर मांडव्याहून लाँचने मुंबईत उतरून तिथे जात आली आहेत. आता त्याच संस्थेचे केंद्र आपल्या जिल्ह्यात, खारघरलाही आहे.

शस्त्रक्रियेत होते काय? गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढतात, नाहीतर सबंध स्तन काढावा लागतो. त्याबरोबर बहुधा काखेतल्या लसीका ग्रंथीही काढतात. रोग लवकर सापडला तर दोनचार काढून तपासतात, पसरला असेल तर पुष्कळ काढतात. बाईला वाटते, जखम छातीला आहे, हाताचा काय संबंध? संबंध आहे तो असा.

आपल्या खारभूमीतली उघाडी सर्वांनी पाहिली आहे. शेतात साठलेले पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून खाडीत निघून जाते. दोनतीन उघाड्या बुजल्या, की उरलेल्यांवर भार पडतो आणि पाऊस जोराचा झाला तर पाणी शेतात तुंबते. काखेतल्या ग्रंथी या हाताच्या उघाड्याच समजा. हातातला पाण्यासारखा रस त्यांच्या वाटेने परत रक्तात जातो. त्या काढल्या की वाटा कमी होतात. त्यातच हाताला जखम होऊन ती चिघळली, तर हात सुजतो. ही सूज लगेच येते असे नाही, काही महिन्यांनी, काही वर्षांनीही येते. आणि एकदा ठाण मांडून बसली की जाता जात नाही.

म्हणून पहिली रजा द्यायची ती हाताला. मात्र रजा म्हणजे हात गळ्यात बांधून ठेवणे नव्हे. तसे केले तर खांदा आखडतो आणि पुढे वेणी घालायलासुद्धा हात वर जात नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे सुरू करतात. जखमेतला स्राव बाहेर नेणारी नळी दहापंधरा दिवस असते. ती निघाल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा, भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढायचे. आज जिथवर पोचलात तिथे खडूची खूण करा. उद्या खूण बोटभर वर गेली तरी पुष्कळ झाले.

पहिले चारसहा आठवडे वजन उचलायचे नाही. हिशेब अगदी सोपा आहे. भरलेला तांब्या चालेल, भरलेला हंडा चालणार नाही. भाजी निवडा, तांदूळ निवडा, पोराचा अभ्यास घ्या. पण विहिरीचा रहाट, धुण्याचे पिळे, लाकडाची मोळी आणि मासळीची पाटी यांना हात लावू नका. टाके सुटले, जखम वरून कोरडी दिसली, की घरची माणसे म्हणतात, "आता बरी झाली की!" वरून बरी झाली हे खरे, पण आतले भरून यायला वेळ लागतो.

बैठे किंवा हलके काम असेल तर चारसहा आठवड्यांनी बरीच बायामाणसे कामावर जाऊ शकतात. अंगमेहनतीच्या कामाला याहून अधिक दिवस द्यावे लागतात. पण शस्त्रक्रियेने उपचार संपतातच असे नाही. केमोथेरपी लागली तर दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने काही महिने जावे लागते. त्या काळात अंगातले त्राण जाते आणि रोगाशी झगडण्याची रक्ताची ताकद उतरते. ताप १०० अंशांच्या वर गेला तर घरगुती काढा करीत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे तीनेक आठवडे चालतात. मुरुड-श्रीवर्धनहून रोज जाऊन-येऊन ते जमायचे नाही. मुक्कामाची सोय आधी बघावी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा पुष्कळांना आसरा दिला आहे.

आता आपल्या किनाऱ्यापुरती एक खास सूचना. शिंगाळ्याचा काटा, कोळंबीचे टोक, कालवे फोडताना बसलेला कोयत्याचा निसटता घाव, विळीवर कापलेले बोट, हे आपल्याकडे कोणी दुखणे म्हणून धरीतच नाही. पण काखेतल्या ग्रंथी काढलेल्या हाताला ते धरावे लागते. त्या हातात जाड मोजा घाला. कापलेच तर साबणाने धुऊन औषध लावा. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर डॉक्टरांकडे जा. इंजेक्शन देणाऱ्याला आधीच सांगा, "दुसऱ्या हाताला द्या."

मग हा हात जन्माचा गेला का? मुळीच नाही. २००९ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा हात आधीच सुजलेला होता अशा १४१ स्त्रिया तिच्यात होत्या. त्यांतल्या काहींना शिक्षकांच्या देखरेखीखाली अगदी थोड्या वजनापासून हळूहळू अधिक वजन उचलायला शिकवले. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज एकाएकी चढण्याचे प्रसंग कमी झाले. तात्पर्य काय, आधी विसावा आणि मग बेताबेताने काम. अर्धी पाटी, मग पाऊण, मग पुरी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे रजेचे नियम आहेत, त्यांचा उपयोग करा. महाराष्ट्र राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांत वर्षाच्या सेवेला २० दिवस अर्धवेतनी रजा आहे. वैद्यकीय दाखला असेल तर तीच परिवर्तित करून निम्मे दिवस पूर्ण पगाराने घेता येते. ती संपली तर असाधारण रजेचा मार्ग आहे. कारखान्यातल्या विमेदार कामगार बाईला राज्य कामगार विम्यातून आजारपणात ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो आणि कर्करोगासारख्या दीर्घ दुखण्यात तो ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. मुख्याध्यापकांनी एवढे पाहावे, की बाई परत आल्या म्हणजे पहिल्या महिन्यात त्यांच्याकडे फळ्यावर उंच लिहिण्याचे, पुस्तकांचे गठ्ठे हलविण्याचे काम येऊ नये.

पण मजूर बाईचे काय? शस्त्रक्रियेच्या खर्चाला आज महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती पहिल्या नावाने सुरू झाली, तेव्हाच्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. रुग्णालयाचा खर्च त्यातून भागतो. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही. आणि मजुरी बुडते म्हणूनच बाई पंधराव्या दिवशी पाटी डोक्यावर घेते. पुष्कळदा याच भीतीने ती गाठ लपवते. "मी पडले तर घर कोण चालवील?" हा तिचा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर द्यायचे ते आपण.

आपल्याकडे सावड आहे. आज तू माझ्या शेतावर, उद्या मी तुझ्या. लावणी अशीच उरकत आली. तीच सावड आजारी बाईच्या घरी का असू नये? एका शेजारणीने सकाळचे पाणी भरावे, दुसरीने तिचा माल आपल्या पाटीशेजारी मांडून विकावा, बचत गटाने हप्ता दोन महिने थांबवावा. नवऱ्याने आणि मुलांनी चूल हाती घ्यावी, त्यात कमीपणा कसला? पावसाळ्यात जून-जुलैचे ६१ दिवस मासेमारी बंद असते. होड्या ओढून ठेवतो, जाळी दुरुस्त करतो. त्याला कोणी आळस म्हणत नाही. होडीला जी विश्रांती देतो, ती माणसाला का देऊ नये?

एक गोष्ट शेवटी. गाठ जितकी लवकर सापडेल तितकी शस्त्रक्रिया लहान आणि रजाही लहान. टाटा रुग्णालयाने मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे एक पाहणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले, यंत्र काही नाही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. तेव्हा गाठ न दुखणारी असली तरी दाखवा. गाठ दुखत नाही म्हणूनच ती मागे राहते.

शिक्षकांनी हे पालकांच्या सभेत सांगावे, ऐकणाऱ्यांनी शेजारी सांगावे. आणि आपल्या आळीत अशी कोणी बाई असेल तर उद्या सकाळी तिच्या दारातला रिकामा हंडा आपण उचलावा. तिला रजा मंजूर करण्याची तेवढी सही आपल्या हाती आहे.