पहिल्या तासाचा चीक



बाळ जन्मलं, की घरातली आजी मधाचं बोट घेऊन पुढे येते… माया खरीच. पण मध नको, साखरपाणीही नको. बाळाला हवा असतो चीक.

चीक म्हणजे आईचं पहिलं, घट्ट, पिवळसर दूध. पूर्वी ते पिळून टाकत… केवढं नुकसान! रोगांशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात. चीक थोडाच येतो. बाळाचं पोटही इवलंसंच असतं.

म्हणून पहिल्या तासातच बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवावं. उबेत ते स्वतःच स्तन शोधू लागतं. त्यानं तोंड मोठं उघडलं, की जवळ घ्यावं. नुसतं बोंड नव्हे… भोवतालचा काळसर भागही तोंडात जावा. हनुवटी स्तनाला टेकावी. आईला दुखतच राहिलं, तर हळूच सोडवून पुन्हा लावावं.

पान्हा भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. बाळ जितकं ओढतं, तितकं दूध वाढतं.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी, म्हणजे मातांनी दान केलेल्या दुधाची पेढी, सुरू केली. आशियातली ती पहिलीच. अशक्त बाळांसाठी आईचं दूध इतकं मोलाचं!

बाळ ओढत नसेल, सुस्त वाटत असेल, तर थांबू नका… नर्सला, डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि चीक पहिल्या तासातच पाजा.