मुंगसाचे पिल्लू



१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पगार थांबताच कित्येकांनी गावाची वाट धरली. माझे वडीलही कोकणात गेले. पावसाळ्यात परतले ते सदऱ्यात मुंगसाचे पिल्लू घेऊन! आईने कपाळावर हात मारला. "अहो, चार तोंडांना पुरत नाही, हे पाचवे कशाला?"

मी हौसेने हात पुढे केला. पिल्लाने कडकडून चावा घेतला. रक्त पाहून मी भोकाड पसरले. वडील म्हणाले, "तू वरून हात घातलास, ते भ्यालं. खाली बस."

जखम धुऊन मी फरशीवर तळहात उघडा ठेवून बसलो. बऱ्याच वेळाने ते आले, हुंगले, आणि सरळ माझ्या चड्डीच्या खिशात शिरले.

मोरीतले उंदीर हटले, आईची कुरकुर हटली नाही. (मुंगूस पाळणे आज वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, माझा कित्ता कोणी गिरवू नये.)

संप रेंगाळला, तेव्हा पिल्लू गावच्या रानात सोडायचे ठरले. त्या सकाळी आईने सुक्या बोंबलाचा एक तुकडा भाजून त्याच्यापुढे ठेवला. आम्हां मुलांना त्या आठवड्यात बोंबील मिळाला नव्हता.